स्तनाच्या कर्करोगाची रक्तपरीक्षा : शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके एकमेकांस लागून पसरलेले आहेत. पहिल्यातून मुंबई-आग्रा महामार्ग आणि मध्य रेल्वे कसाऱ्याच्या घाटाकडे चढत जातात, तर दुसऱ्यातून कल्याणचा रस्ता माळशेजकडे निघतो. शहापूरच्या तानसा आणि भातसा जलाशयांतून मुंबईस पाणी जाते. आणि त्याच तालुक्यातील एखाद्या स्त्रीच्या स्तनात गाठ निघाली, तर निदानासाठी आणि उपचारासाठी तिला बहुधा त्याच मुंबईस, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावे लागते. डोळखांब किंवा किन्हवलीकडील खेड्यातून आसनगाव स्टेशन, तेथून लोकल; धसई किंवा सरळगावकडून एस.टी.ने कल्याण आणि तेथून पुन्हा लोकल. असा हा प्रवास आहे, आणि तो एकदाच करून भागत नाही. तपासणीस एक दिवस, गाठीचा तुकडा काढण्यास दुसरा, त्याचा अहवाल घेण्यास तिसरा, असे दिवस मोडतात. आणि ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते त्या घरात असा प्रत्येक दिवस मजुरीच्या हिशेबातून वजा होतो.

अशा भूमीवर उभे राहून पाहिले असता, एका नळीभर रक्तावरून स्तनाचा कर्करोग ओळखता येतो, हा अलीकडे वारंवार कानी येणारा दावा साहजिकच मोठा आशादायक वाटतो. बाईने जाण्याऐवजी तिचे रक्त जावे, ही कल्पनाच मुळी या तालुक्यांच्या गरजेतून निघाल्यासारखी आहे. तथापि हा दावा एक नाही. त्यात तीन निरनिराळे प्रश्न मिसळलेले आहेत, आणि ते वेगळे केल्यावाचून या वादाची स्थिती समजत नाही. पहिला प्रश्न असा की, जिला कसलीही तक्रार नाही अशा निरोगी स्त्रीच्या रक्तावरून रोग हुडकता येईल काय? दुसरा, जिच्या स्तनात गाठ हाताला लागली आहे तिची गाठ साधी की कर्करोगाची, हे रक्त सांगू शकेल काय? आणि तिसरा, जिचा रोग सिद्ध झाला आहे व उपचारही झाले आहेत, तिच्यात तो पुन्हा उद्भवत आहे काय, अथवा चालू औषध लागू पडत आहे काय, याची वर्दी रक्तातून मिळेल काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आज तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत. यांखेरीज बीआरसीए या जनुकांची रक्तपरीक्षा म्हणून जी प्रसिद्ध आहे, ती या लेखाच्या कक्षेबाहेरची आहे. कारण मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली ज्यांपैकी एकाचा माग काढला आणि १९९४-९५ मध्ये जी हाती आली, त्या जनुकांची परीक्षा जन्मतः मिळालेली प्रवृत्ती सांगते, रोगाची उपस्थिती सांगत नाही.

पूर्वपीठिका

या विषयाचा उगम बराच जुना आहे. १८६९ साली मेलबर्न येथे टॉमस अ‍ॅश्वर्थ या वैद्याने कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात त्याच्या अर्बुदातील पेशींसारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि रोग शरीरात कसा पसरतो याचा तर्क त्यावरून बांधला. पुढे १९४८ मध्ये फ्रान्समधील मांदेल आणि मेते या दोन शास्त्रज्ञांनी, पेशींच्या बाहेर, रक्तद्रवात मोकळेपणी फिरणारी न्यूक्लीइक आम्ले असतात, असे दाखवून दिले. डीएनएची रचनाही तेव्हा उलगडलेली नव्हती, आणि त्यामुळे त्यांच्या शोधाकडे दीर्घकाळ कोणी वळून पाहिले नाही. १९७७ मध्ये कर्करोगी रुग्णांच्या रक्तद्रवात या मोकळ्या डीएनएचे प्रमाण वाढलेले असते, हे लिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदले, तेव्हा कोठे या दोन धाग्यांची गाठ पडली.

दरम्यान प्रथिनांच्या वाटेने एक वेगळा प्रयत्न चालू होता. १९६५ साली आतड्याच्या कर्करोगात सीईए हे प्रथिन सापडले आणि १९८०च्या दशकात स्तनाच्या कर्करोगासाठी सीए १५-३ ही चाचणी प्रचारात आली. ही चाचणी आज कल्याण-ठाण्याच्या खासगी प्रयोगशाळांतूनही सहज होते, आणि नेमक्या याच कारणास्तव तिच्याविषयी स्पष्ट बोलणे अगत्याचे आहे. हे प्रथिन रोग बराच पसरल्यावर वाढते, आरंभीच्या अवस्थेत बहुधा वाढत नाही. उलटपक्षी यकृताच्या विकारांत आणि स्तनाच्या साध्या गाठींतही ते वाढू शकते. म्हणून निरोगी स्त्रियांच्या चाळणीसाठी किंवा पहिल्या निदानासाठी तिचा उपयोग करू नये, याविषयी तज्ज्ञांत आता दुमत नाही. पसरलेल्या रोगाच्या देखरेखीत इतर तपासण्यांच्या जोडीला तिचे स्थान आहे, तेवढेच. तरीही गाठ घेऊन आलेल्या बाईस कोणी ही चाचणी लिहून दिली आणि ती ‘नॉर्मल’ आली, म्हणून ती बाई निर्धास्त होऊन घरी बसली, तर त्या कागदाने तिचे महिने हिरावले असे म्हणावे लागेल.

रेणवीय चाचण्यांचे खरे युग २००४ पासून मोजण्यास हरकत नाही. त्या वर्षी क्रिस्टोफानिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या १७७ स्त्रियांचे रक्त तपासून असे सिद्ध केले की, साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा त्याहून अधिक अर्बुदपेशी सापडल्यास रोगाची गती अधिक असते व आयुर्मान घटते. त्यानंतर २०१३ मध्ये केंब्रिज येथील अभ्यासात तीन साधनांची एकाच वेळी तुलना झाली, आणि तीत रक्तद्रवातील अर्बुदजन्य डीएनए ३० पैकी २९ स्त्रियांत, फिरत्या अर्बुदपेशी ३० पैकी २६ स्त्रियांत, आणि सीए १५-३ ची वाढ २७ पैकी २१ स्त्रियांत आढळली. प्रथिनाहून पेशी आणि पेशीहून डीएनए, असा संवेदनक्षमतेचा क्रम येथे प्रथमच स्पष्ट झाला. या सर्व स्त्रियांचा रोग आधीच पसरलेला होता, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये.

रक्तात नेमके काय शोधावयाचे

शरीरातील पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे लहान लहान तुकडे रक्तद्रवात उतरतात आणि एकदोन तासांच्या आत बहुतांशी नाहीसे होतात. अर्बुदातील पेशीही अशाच मरत असल्यामुळे त्यांचेही तुकडे या प्रवाहात असतात, आणि त्यांच्यावर त्या अर्बुदाचे वैशिष्ट्य असलेले बदल असतात: कधी अक्षरांतील चूक, म्हणजे उत्परिवर्तन, कधी मेथिलीकरणाच्या, म्हणजे डीएनएवरील रासायनिक, खुणांची बदललेली मांडणी. अडचण संख्येची आहे. दहा मिलिलिटरच्या ट्यूबमधून चारएक मिलिलिटर रक्तद्रव निघतो. त्यात मिलिलिटरमागे पाच नॅनोग्रॅम मोकळा डीएनए धरला, तर एकूण वीस नॅनोग्रॅम होतो. आणि मानवी जनुकसंचाच्या एका प्रतीचे वजन सुमारे ३.३ पिकोग्रॅम असल्यामुळे साऱ्या ट्यूबमध्ये मिळून कोणत्याही एका जागेच्या सुमारे सहा हजार प्रती हाती लागतात. अर्बुद लहान असताना त्याच्या डीएनएचा वाटा दहा हजारांत एक इतका किंवा त्याहूनही अल्प असू शकतो. म्हणजे ज्या खुणेचा शोध घ्यावयाचा तिची एकही प्रत त्या ट्यूबमध्ये आलेलीच नसण्याचा संभव आहे, आणि मग यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी जे ट्यूबमध्ये नाही ते त्यास दिसणार नाही. या अडचणीवर उपाय म्हणून अलीकडील चाचण्या एकाच जागेवर विसंबून न राहता जनुकसंचातील असंख्य जागांवरील मेथिलीकरण एकत्रितपणे वाचतात. काही चाचण्या डीएनए सोडून अखंड अर्बुदपेशींचा पाठपुरावा करतात. तर काही सूक्ष्म-आरएनएच्या मागे आहेत, परंतु या शेवटच्या शाखेत एका प्रयोगशाळेचे निष्कर्ष दुसरीत पुनश्च मिळण्याची अडचण अद्याप सुटलेली नाही.

यात दुसरी एक गुंतागुंत आहे. वय वाढते तसतसे अस्थिमज्जेतील रक्तपेशींच्या काही वंशावळींतही उत्परिवर्तने साचतात, आणि त्यांचा डीएनए रक्तद्रवात सर्वाधिक असल्याने त्यावरून अर्बुदाचा भास होऊ शकतो. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या चाचणीत पांढऱ्या पेशींचा डीएनएही सोबत तपासून हा भास वजा करावा लागतो, आणि खर्च तितका वाढतो.

ज्ञात रोगाच्या बाबतीत

तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ करणे सोयीचे, कारण तेथे जमीन सर्वांत टणक आहे. पसरलेल्या रोगात औषध निवडण्यासाठी रक्तातील डीएनए तपासणे ही आता जगन्मान्य रीत झाली आहे. पीआयके३सीए या जनुकात बदल असल्यास अल्पेलिसिब, आणि ईएसआर१ मध्ये बदल असल्यास इलॅसेस्ट्रँट, अशा जोड्या ठरल्या असून, अमेरिकेत अनुक्रमे २०१९ आणि २०२३ मध्ये त्यासाठी रक्तावरील चाचण्यांना मान्यता मिळाली. हाडात किंवा फुप्फुसात सुई घालून तुकडा काढण्यापेक्षा रक्त काढणे सुसह्य, हे सांगण्यास तज्ज्ञ नको.

रक्तातील खूण वाढली म्हणून लगेच उपचार बदलल्यास लाभ होतो काय, या पुढच्या पायरीवर मात्र मतभेदास आरंभ होतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, अर्बुदपेशी कमी होत नाहीत असे दिसताच केमोथेरपीचे औषध बदलण्यात आले, आणि त्याने आयुर्मानात कोणताही फरक पडला नाही. २०२५ मध्ये आलेल्या ‘सेरेना-६’ या चाचणीत, रक्तात ईएसआर१चा बदल दिसताच, स्कॅनमध्ये रोग वाढलेला दिसण्यापूर्वीच, कॅमिझेस्ट्रँट हे औषध सुरू केलेल्या स्त्रियांत रोग थोपून राहण्याचा काळ ९.२ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. एक पक्ष हा स्पष्ट लाभ मानतो. दुसरा पक्ष विचारतो की, तेच औषध स्कॅननंतर दिले असते तर एकूण आयुष्यात उणे झाले असते काय, आणि प्रसिद्धीच्या वेळी तरी याचे उत्तर त्या चाचणीपाशी नव्हते. शस्त्रक्रियेनंतर रोगमुक्त दिसणाऱ्या स्त्रियांत पुनरुद्भवाचा आगाऊ सुगावा लावण्याचा प्रयत्नही असाच अर्ध्या वाटेवर आहे. इंग्लंडमधील ‘सी-ट्रॅक टीएन’ या २०२२ च्या अभ्यासात, रक्तात खूण सापडली म्हणून ज्या ३२ स्त्रियांची उपचारासाठी निवड झाली, त्यांपैकी २३ जणींत त्याच वेळच्या स्कॅनमध्ये रोग पसरलेला आढळला. म्हणजे घंटा वाजली, परंतु उशिरा वाजली.

शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने हा भाग कमी लेखला जातो, असे मला वाटते. ज्या स्त्रीचा रोग सिद्ध होऊन उपचार चालू आहेत, तिला दर खेपेस परळपर्यंत नेण्याऐवजी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त घेऊन ते पुढे रवाना करण्याची तजवीज झाली, तर निदान काही खेपा वाचतील. परंतु त्यालाही अटी आहेत. जांभळ्या टोपणाच्या साध्या ट्यूबमध्ये घेतलेले रक्त काही तासांच्या आत सेंट्रिफ्यूजवर फिरवून रक्तद्रव वेगळा करावा लागतो, अन्यथा पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए सर्वत्र मिसळतो आणि अर्बुदाचा अल्प वाटा त्यात बुडून जातो. पेशी टिकवून धरणाऱ्या विशेष ट्यूब मिळतात आणि त्यांत रक्त अनेक दिवस राहते. मात्र त्या महाग असून त्यांची उष्णतेची मर्यादा साधारण ३७ अंश आहे, आणि वैशाखातल्या दुपारी मुरबाडच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीत ही मर्यादा राखणे म्हणजे शीतपेटीची आणि ती सांभाळणाऱ्या माणसाची स्वतंत्र तरतूद करणे होय.

निरोगी स्त्रियांची चाळणी : तीन पक्ष

आता पहिला आणि सर्वांत वादग्रस्त प्रश्न. शहापूर ज्या महामार्गावर वसले आहे, त्यावरच दोन दिशांस या वादातले दोन प्रमुख पक्ष आहेत, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे: घाटापलीकडे नाशिक येथे रक्तातील अर्बुदपेशींची चाचणी विकसित करणारी दातार कॅन्सर जेनेटिक्स ही संस्था, आणि खाली मुंबईत, हाताने केलेल्या स्तनतपासणीचा वीस वर्षांचा प्रयोग सिद्धीस नेणारे टाटा स्मारक रुग्णालय.

नाशिकचा दावा असा. सुमारे पाच मिलिलिटर रक्तातील साध्या पेशी विशिष्ट माध्यमात नष्ट होऊ द्यावयाच्या, त्यातून टिकून राहणाऱ्या अर्बुदपेशी त्यांच्या प्रथिनखुणांवरून ओळखावयाच्या, आणि त्यातही स्तनाची खूण कोणती ते पाहावयाचे. २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक अभ्यासात, ९,६३२ निरोगी स्त्रिया व ५४८ रुग्ण स्त्रिया यांच्यात, या चाचणीने एकाही निरोगी स्त्रीस रोगी ठरविले नाही आणि रुग्णांपैकी ९२ टक्के ओळखल्या. २०२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे परीक्षणाच्या कामी प्राधान्य, विक्रीची मंजुरी नव्हे, आणि हा भेद वृत्तपत्रांतून नेहमी स्पष्ट झाला असे नाही. पुढच्याच वर्षी अपोलो रुग्णालयसमूहाच्या सहकार्याने ती भारतात सुमारे ६,००० रुपयांस उपलब्ध झाली. या पक्षाचे म्हणणे असे की, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, आपल्या देशात खेड्यापर्यंत पोचलेली नाही व पोचणे दुर्घट आहे. भारतीय स्त्रियांत हा रोग पाश्चात्त्यांच्या मानाने लवकर, चाळिशी-पन्नाशीतच अधिक दिसतो, आणि त्या वयातील घट्ट स्तनांत मॅमोग्राफीची नजर अधू पडते. शिवाय अंगावरचे कपडे उतरविण्याचा संकोच रक्त देण्यात नाही. हे तिन्ही मुद्दे वजनदार आहेत.

याउलट डीएनएच्या मेथिलीकरणावर आधारलेली ‘गॅलेरी’ ही अमेरिकन चाचणी अनेक कर्करोगांवर एकदम नजर ठेवते. तिच्या २०२१ च्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या सर्व अवस्था मिळून ३०.५ टक्के, आणि पहिल्या अवस्थेत अवघे २.६ टक्के रुग्ण ओळखले गेले. एका चाचणीत ९२ आणि दुसरीत ३०, ही तफावत पद्धतींच्या भिन्नतेमुळे आहे, की तपासलेल्या स्त्रियांच्या निवडीमुळे, हे सांगता येत नाही. सिद्ध रुग्ण एका बाजूस आणि खात्रीच्या निरोगी स्त्रिया दुसऱ्या बाजूस ठेवून केलेल्या अभ्यासात कोणतीही चाचणी प्रत्यक्ष गावातल्यापेक्षा अधिक तेजस्वी दिसते, ही संख्याशास्त्रातील जुनी व मान्य गोष्ट आहे.

दुसरा पक्ष मुंबईचा. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांचा एक प्रयोग आरंभिला. वीस वस्त्यांपैकी दहांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी केली. उरलेल्या दहांमध्ये केवळ माहिती दिली. आणि पुढे वर्षानुवर्षे दोन्हींकडील रोग आणि मृत्यू मोजले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, तपासणी झालेल्या स्त्रियांत तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रोगाचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. मृत्यूंत एकूण १५ टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरली नाही. पन्नाशीवरील स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले आणि ती घट कसोटीस उतरली. पन्नाशीखाली लाभ दिसला नाही, आणि नाशिकच्या पक्षाचा सारा भर नेमका त्या वयावर आहे, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी प्रांजळपणे मांडली पाहिजे. हाताने केलेल्या तपासणीत यंत्र नाही, शीतपेटी नाही. परंतु वर्षानुवर्षे टिकणारा सराव आणि देखरेख लागते, आणि सरकारी कार्यक्रमाच्या अंमलबजावणीत नेमकी त्याचीच वाण पडते. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेत तीस वर्षांवरील स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी सांगितलेली आहे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी एक टक्क्याहूनही कमी स्त्रियांनी आपली स्तनतपासणी कधीकाळी झाल्याचे सांगितले. कागद आणि गाव यांतील हे अंतर पाहून मन विषण्ण होते.

तिसरा पक्ष सबुरीचा आहे, आणि त्याच्या हाती दोन परस्परविरोधी दाखले आहेत. एक आपल्याच मराठवाड्यातला. तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्यांची तुलना केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, एचपीव्ही विषाणूच्या डीएनएची केवळ एकवेळची रेणवीय चाचणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू तुलनेच्या गटाच्या सुमारे निम्म्यावर आले. रेणवीय चाचणी खेड्यात चालत नाही, असे म्हणणाऱ्यास हे उत्तर पुरेसे आहे. मात्र तेथे नमुना रोगाच्या जागेवरूनच घेतलेला होता, रोगाचे कारण एकच विषाणू होता, आणि सापडलेल्या विकारावर लगेच उपचार करणारे बार्शीचे रुग्णालय पाठीशी होते. स्तनाच्या बाबतीत यांपैकी पहिल्या दोन गोष्टी संभवतच नाहीत. दुसरा दाखला इंग्लंडचा: तेथे २,०२,६३८ स्त्रियांवर बीजाशयाच्या कर्करोगासाठी सीए १२५ या रक्तपरीक्षेचा प्रयोग झाला, रोग अधिक संख्येने पहिल्या अवस्थेत सापडूही लागला, आणि तरीही २०२१ च्या अंतिम निकालात मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. रोग लवकर सापडणे आणि स्त्री वाचणे या दोन गोष्टींत आपण सहज समीकरण मांडतो. ते समीकरण येथे निष्फळ ठरले.

दोन तालुक्यांचा हिशेब

या साऱ्याचा अर्थ शहापूर-मुरबाडसाठी काय, हे ढोबळ आकड्यांनी मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या मिळून सुमारे पाच लाख होती. त्यात ३५ ते ६४ वयाच्या स्त्रिया अंदाजे ऐंशी हजार धरू. ग्रामीण महाराष्ट्रात या रोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी असल्याचे बार्शीच्या १९८७ पासून चालू असलेल्या ग्रामीण कर्करोग-नोंदणीवरून दिसते. म्हणून दर लाख स्त्रियांमागे वर्षाला पंधरा असे गृहीत धरले, तर दोन्ही तालुक्यांत मिळून वर्षाला पस्तीस-चाळीस स्त्रियांना हा रोग होत असावा. त्या ऐंशी हजारांचे एकदम रक्त तपासले आणि त्या वेळी चाळीस जणींच्या अंगी रोग दडलेला आहे असे मानले, तर ८० टक्के रोगी ओळखणारी व निरोगी स्त्रियांत शंभरांत एक चूक करणारी चाचणी बत्तीस खऱ्या रुग्णांबरोबर आठशे निरोगी स्त्रियांनाही बोलावणे धाडील. म्हणजे सव्वीस बायका परळला जातील तेव्हा त्यांतील एकीला रोग निघेल. नाशिकच्या अभ्यासातील शून्य चूक खरीच मानली, तरी ९,६३२ स्त्रियांत शून्य चूक याचा संख्याशास्त्रीय अर्थ दहा हजारांत तीनपर्यंत चूक असू शकते असा होतो. ऐंशी हजारांत त्या पंचवीसएक होतील, आणि तो बोजा कोणत्याही व्यवस्थेला पेलण्याजोगा आहे. साऱ्या वादाचे गुपित असे या एका आकड्यात आहे, आणि म्हणूनच तो आकडा स्वतंत्रपणे, अनिवडक स्त्रियांत, दुसऱ्या कोणी तपासून पाहणे इतके निकडीचे आहे. खर्चाचा हिशेब याहून सरळ: ६,००० रुपयांप्रमाणे एका फेरीचे अठ्ठेचाळीस कोटी रुपये होतात.

दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे हाताला लागलेल्या गाठीचा, येथे वेगळा विचार केला पाहिजे, कारण या भागात खरा विलंब तेथेच होतो. गाठ दुखत नाही म्हणून ती अंगावर काढली जाते. मग घरगुती लेप, कधी भगताचा अंगारा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अशा स्त्रीची गाठ आशाताईंच्या किंवा उपकेंद्राच्या नर्सबाईंच्या हाताला लागली, तर रक्तपरीक्षेने तिच्या मार्गात काय बदल होईल? रक्तात खूण सापडली तरी सुईने तुकडा काढणे अनिवार्य आहे, कारण संप्रेरकग्राही आणि हर२ या अर्बुदपेशींतील प्रथिनांची तपासणी त्या तुकड्यावरच होते आणि उपचार त्यावर ठरतो. खूण सापडली नाही तरी गाठ तपासल्यावाचून सोडता येत नाही. गाठ असलेल्या स्त्रीस रक्तपरीक्षा म्हणजे आणखी एक खेप, असे माझे मत होत चालले आहे. नाशिकच्या पक्षाचे म्हणणे असे की, अहवालाचा कागद हाती असल्यास घरची माणसे तिला नेण्यास लवकर तयार होतील, आणि या तालुक्यांतील घरे जो जाणतो तो हे म्हणणे उडवून लावणार नाही.

अनिर्णित राहिलेले

रक्तात खूण सापडली, आणि स्तनाच्या मॅमोग्राफीत व सोनोग्राफीत काहीच दिसले नाही, तर त्या स्त्रीचे पुढे काय करावयाचे, याविषयी सर्वमान्य नियम नाही. तिला दर सहा महिन्यांनी बोलवावे म्हटले, तर त्या साऱ्या काळात ती धास्तीत जगणार, आणि तिच्या घरात, विशेषतः अविवाहित मुली असलेल्या घरात, त्या कागदाचे काय पडसाद उमटतील याचा अभ्यास झालेला नाही. या भागातील स्त्रियांच्या रक्ताची निरोगी पातळी कोणती धरावी, हाही प्रश्न मोकळाच आहे: क्षय, यकृताचे विकार आणि आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल या अवस्थांत पेशींचा नाश वाढून रक्तद्रवातील मोकळा डीएनए वाढतो, आणि बहुतेक चाचण्यांचे मापदंड ज्या लोकसंख्येवर बसविले गेले तीत हे विकार विरळ होते. घेतलेल्या रक्तातील जनुकीय माहितीवर मालकी कोणाची, संमतिपत्र कोणत्या भाषेत व कोणाच्या साक्षीने घ्यावे, हे प्रश्न ठाकूर-कातकरी वाड्यांच्या संदर्भात विशेष नाजूक होतात.

आणि शेवटी मृत्यूची मोजणी. मुंबईच्या प्रयोगास दीड लाख स्त्रिया आणि वीस वर्षे लागली. शहापूर-मुरबाडमध्ये त्या वयाच्या स्त्रिया त्याच्या निम्म्याच आहेत, म्हणजे जव्हार, मोखाडा, वाडा असे शेजारचे तालुके जोडल्याखेरीज रक्तपरीक्षेने मृत्यू घटतात काय याचा निवाडा येथे होणे शक्य नाही. तोही पुढचा भाग झाला. घरी आलेला मृत्यू ग्रामपंचायतीच्या दप्तरात चढतो तेव्हा त्याच्या कारणास वैद्यकीय दाखल्याचा आधार बहुधा नसतो, आणि कर्करोगाने गेलेली बाई तेथे नुसती ‘आजाराने’ गेलेली असते. बार्शीला नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्ण शोधीत आणि लिहून ठेवीत, म्हणून पुढे धाराशिवचा प्रयोग उभा राहू शकला. तशी नोंदवही या दोन तालुक्यांत ठेवावयाची झाल्यास तीत प्रत्येक रुग्ण स्त्रीच्या नावापुढे निदान चार तारखा असाव्यात: गाठ प्रथम हाताला लागली ती, उपकेंद्रात दाखविली ती, तुकड्याचा अहवाल आला ती, आणि पहिला उपचार झाला ती. उद्या रक्तपरीक्षा आलीच, तर तिने यांपैकी कोणते अंतर किती दिवसांनी कमी केले, याचे उत्तर त्या रकान्यांतूनच निघेल.